इटलीत खाणं आणि वाइन: घरातले दोघं शाकाहारी, दोघं सगळं खाणारे. मार्गदर्शन हवं आहे

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यात मुंबईहून इटलीला निघतोय. रोम तीन रात्री, फ्लॉरेन्स तीन, बोलोन्या एक, व्हेनिस दोन. परतीचं विमान व्हेनिसहून, आखातात बदलून मुंबई. टूर कंपनी नाही, ट्रेननं आपले आपण.

चौघं आहोत. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासूबाई शाकाहारी, केकमधलं अंडं चालवून घेतात. मी आणि बायको सगळं खातो, मासे विशेष आवडीचे. वाइन अधूनमधून नाशिकची घेतो, पण त्यातलं फार कळत नाही. तिथे गेल्यावर नीट चाखायची इच्छा आहे.

एकाच टेबलावर चौघांचं कसं जमवायचं, बिलात काय काय लागतं, कुठल्या शहरात कुठली वाइन मागवावी, आणि दोन-चार बाटल्या घरी आणायच्या तर काय बघावं? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रानडे_रोड
आधी घड्याळाचं सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसांचे हाल सगळ्यात जास्त तिथे होतात. साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खानावळीत, दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. म्युझियममधून साडेतीनला बाहेर पडून जेवण शोधलंत तर जे उघडं असतं ते बहुतेक पर्यटकांसाठीच चालवलेलं असतं: दारात बोलावणारा माणूस, मेन्यूवर फोटो, मागे मायक्रोवेव्ह. त्यामुळे तिकिटं काढतानाच दीडचं जेवण मध्ये बसवा. दोन ज्येष्ठ बायका बरोबर आहेत म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. बऱ्याच जागा आठवड्यातून एक दिवस बंद असतात, बहुधा रविवारी रात्री किंवा सोमवारी.

मेन्यूचे भाग असे: आंतीपास्तो म्हणजे सुरुवातीचं, प्रीमो म्हणजे पास्ता, भात किंवा सूप, सेकोन्दो म्हणजे मांस-मासे, कोन्तोर्नो म्हणजे भाजी, सॅलड, दोल्चे म्हणजे गोड. सगळं मागवायची सक्ती नाही. शाकाहारी माणसाला एक प्रीमो आणि एक कोन्तोर्नो पोटभर होतं. सेकोन्दोबरोबर भाजी आपोआप येत नाही, ती वेगळी मागवायची.

बिलात माणशी दीड ते तीन युरो 'कोपेर्तो' दिसेल. हे बसण्याचे आणि पावाचे पैसे, मेन्यूवर छापलेले असतात, त्यावर वाद घालू नका. 'सेर्वीत्सियो' वेगळं लावलं असेल तर टीप द्यायचा प्रश्नच नाही, नसेल तर वरचे एक-दोन युरो ठेवले तरी पुरे. पाणी बाटलीचंच येतं, 'नातुराले' म्हणजे साधं, 'फ्रिझान्ते' म्हणजे बुडबुड्यांचं. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात, ते पाणी उत्तम असतं. रिकामी बाटली जवळ ठेवा.

कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायली तर साधारण सव्वा-दीड युरो. तीच टेबलावर बसून प्यायली की दुप्पट-तिप्पट, आणि मोठ्या चौकात त्याहून जास्त. ही फसवणूक नव्हे, दोन दर भिंतीवर लावलेले असतात. स्टेशनवरच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची.

शाकाहारी_पार्ले
तुमच्या आईंसाठी लिहिते. 'व्हेजिटेरियन' एवढ्या एका शब्दावर इटलीत विसंबू नका. समोरचा मनापासून हो म्हणतो, पण मांसाचा रस्सा किंवा डुकराची चरबी त्याच्या हिशेबात 'मांस' नसतं. पदार्थागणिक विचारावं लागतं.

सगळ्यात फसवा शब्द ब्रोदो, म्हणजे रस्सा. सूप, रिसोत्तो (मऊ भात), डाळीचे पदार्थ यांत मांसाचा नाहीतर कोंबडीचा ब्रोदो सर्रास असतो. 'ब्रोदो वेजेताले?' असा सरळ प्रश्न करा. दुसरा स्त्रूत्तो, म्हणजे डुकराची चरबी. ती पावात, फोकाच्यात असू शकते, आणि बोलोन्याच्या बाजूच्या पियादीना नावाच्या पोळीत तर परंपरेनंच असते. आता बहुतेक ठिकाणी तेलातलीही मिळते, पण मागावी लागते. तिसरं आच्चूगे, म्हणजे खारवलेली अँचोवी. पुत्तानेस्का सॉसमध्ये असतेच, आणि व्हेनिसच्या 'बीगोली इन साल्सा'त नुसता कांदा दिसतो, पण तो सगळा अँचोवीत विरघळवलेला असतो. फ्लॉरेन्समध्ये सुरुवातीला क्रोस्तीनी म्हणून पावाचे तुकडे येतात. त्यावरचा तपकिरी लेप कोंबडीच्या काळजाचा. पान्ना कोत्तात जिलेटिन असतं.

चीजचं आधीच घरी बोलून ठेवा. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध गोठवणाऱ्या द्रव्यानं जमवतात, पेकोरीनो रोमानो कोकराच्या. दोन्हींच्या नियमांतच ते आहे, म्हणून शाकाहारी पार्मिजानो असा प्रकार नाही. म्हशीच्या दुधाच्या कांपानियाच्या मोझ्झारेलालाही वासराचंच रेनेट. आईंना हे चालणार नसेल तर पेस्तो हा तुळशीचा सॉसही बाद, कारण त्यात हीच चीजं किसलेली असतात. मास्कारपोने हे मऊ चीज मात्र आम्लानं फाडतात, पण तिरामिसूत कच्चं अंडं असतं. थोडक्यात, सासूबाईंना बरंच मोकळं रान आहे, आईंना नाही.

अंड्याचा नियम सोपा आहे. वाळवलेला पास्ता, म्हणजे स्पगेत्ती, पेन्ने, रिगातोनी, हा रवा आणि पाण्याचा. ताजा पास्ता, विशेषतः बोलोन्यातला ताल्यातेल्ले, राव्योली, लाझान्या, अंड्याशिवाय होत नाही. 'पास्ता सेक्का, सेन्झा उओवा' एवढं म्हटलं की कळतं. फ्लॉरेन्सकडची 'पीची' ही हातानं वळलेली जाड शेवई बहुतेक वेळा नुसत्या पिठा-पाण्याची असते, तरी विचारा. युरोपीय कायद्यानं चौदा अॅलर्जनची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. मेन्यूवर पदार्थापुढे आकडे असतात, तळाशी त्यांची यादी. बहुतेक मेन्यूंत ३ म्हणजे अंडं, ४ म्हणजे मासे, ७ म्हणजे दूध, पण तळाची यादी पडताळून घ्या. अंडं आणि अँचोवी पकडायला ही युक्ती अचूक आहे. मांसाचा रस्सा आणि चरबी मात्र या यादीत येत नाहीत, ते तोंडीच विचारायचं.

मग खायचं काय? पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. नावात समुद्र असला तरी मासा नाही आणि चीजही नाही. रोममध्ये वजनावर कापून देतात त्या पिझ्झात 'रोस्सा', म्हणजे नुसत्या टोमॅटोचा, आणि बटाट्याचा. पास्ता 'अल पोमोदोरो', किंवा तिखट हवा तर 'आर्राब्याता', वर चीज नको म्हणून 'सेन्झा फोर्माज्जो'. फ्लॉरेन्समध्ये 'पाप्पा अल पोमोदोरो' हे पाव-टोमॅटोचं दाट सूप आणि 'रिबोल्लीता' हे शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळ्या केलचं. दोन्ही ऑक्टोबरच्या गारव्यात सुरेख लागतात, ब्रोदो विचारून घ्या. तिथला पाव बिनमिठाचा असतो, तो बिघडलेला नसतो, तसाच करतात. व्हेनिसकडे पोलेन्ता मिळते, मक्याच्या पिठाची उकडच म्हणा, वर मशरूम घेता येतात. आई कांदा-लसूणही वर्ज्य करत असतील तर 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला'. ऑर्डर दिल्यावर बनवतात त्या पास्त्याला हे जमतं, सकाळी करून ठेवलेल्या सॉसला नाही.

घरून थेपले, चिवडा, भाजणीच्या चकल्या न्या. तूप, पनीर, दूध पावडर, खव्याचे पेढे नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

द्राक्षवेल
आता वाइन. माझं ठाम मत: या प्रवासात नावाजलेल्या महागड्या बाटल्यांमागे धावू नका. ज्या गावात बसलात त्या गावच्या आसपासची वाइन घ्या, आणि तीही आधी बाटलीनं नको. त्रात्तोरियात 'वीनो देल्ला काझा' सुटी मिळते. 'उन क्वार्तो' म्हणजे पाव लिटर, 'मेझ्झो लीत्रो' म्हणजे अर्धा. पाव लिटर साधारण तीन ते पाच युरो. दोघांत एकेक ग्लास होतो, आवडली तर आणखी मागवता येते, नाही आवडली तर दुसऱ्या जागी दुसरी. एनोतेका म्हणजे वाइनचं दुकान-कम-बार. तिथे पाच-सात युरोंत चांगल्या बाटलीतला एक ग्लास देतात. शिकायचं असेल तर एनोतेकासारखी जागा नाही.

रोममध्ये पांढरी फ्रास्काती, लाल हवी तर चेझानेझे. फ्लॉरेन्समध्ये क्यांती क्लासिको. बोलोन्यात लाम्ब्रुस्को, म्हणजे बुडबुड्यांची लाल. ती थंडच देतात, 'सेक्को' मागा, 'आमाबिले' गोडसर असते. तिथल्या चरबीदार जेवणावर तिचा आंबटपणा आणि फेस असा काही काम करतो की आधी नाक मुरडणारेही दुसरा ग्लास मागतात. व्हेनिसमध्ये बुडबुड्यांची प्रोसेको आणि पांढरी सोआवे. प्रोसेकोच्या लेबलावर 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून सगळ्यात कोरडी समजू नका. लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर म्हणजे 'ब्रूट', १२ ते १७ म्हणजे 'एक्स्ट्रा ड्राय', १७ ते ३२ म्हणजे 'ड्राय'. कोरडी हवी तर ब्रूट.

लेबल वाचताना दोन गोष्टी. नुसती 'क्यांती' आणि 'क्यांती क्लासिको' वेगळ्या. क्लासिको ही फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या जुन्या मूळ भागातली, कमीत कमी ८० टक्के सांजोवेझे द्राक्षाची, मानेवर काळा कोंबडा. दुसरी गोष्ट, 'मोन्तेपुल्चानो द'आब्रुझ्झो'मध्ये मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव, तर 'वीनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो'मध्ये ते तोस्काना या फ्लॉरेन्सच्या प्रांतातलं गाव, आणि त्यात द्राक्ष असतं सांजोवेझे. दोन्हींच्या किमतीतही फरक असतो, दुकानात गल्लत करू नका.

जेवणाशी जोडताना टोमॅटोच्या सॉसला आंबट अंगाची लाल लागते. सांजोवेझे तिथेच शोभते. तिखट आर्राब्यातावर टॅनिनवाली, म्हणजे तुरट, जड लाल घेतलीत तर तिखट आणखी झोंबतं आणि वाइन कडू लागते. तिथे लाम्ब्रुस्को किंवा पांढरी घ्या. माशांवर सोआवे.

जाण्याआधी मुंबईतच थोडी तयारी करता येईल. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीच्या बागांत सांजोवेझे लावलेलं आहे. ती एक बाटली आणि नाशिकची एक शिराझ शेजारी-शेजारी ओता. सांजोवेझेचा रंग फिका, आंबटपणा जास्त आणि हिरड्यांवर येणारा तुरटपणा वेगळा, हे एका संध्याकाळी कळतं. मग तिथे नेमकं काय शोधायचं याचा अंदाज येतो.

मुलुंडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला चीजचं वाचून दाखवलं, ती पार्मिजानो खाणार नाही म्हणाली, त्यामुळे हे आधी कळलं ते बरंच झालं.

आणखी दोन प्रश्न. फ्लॉरेन्सहून एक दिवस क्यांतीच्या बागांत जायचं आहे. गाडी भाड्यानं घ्यावी का? आणि व्हेनिसमध्ये आम्हा दोघांना माशांवर ताव मारायचाय, तिथे बिल फार येतं असं ऐकलं.

द्राक्षवेल
गाडी घेतली तर चालवणाऱ्यानं चाखायचं नाही, हिशेब साधा आहे. एका चाखणीत चार-पाच वाइन, प्रत्येकी सुमारे ५० मिली, म्हणजे पाव लिटर, बाटलीचा तिसरा हिस्सा. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि शिवाय रस्ते वळणावळणाचे. त्यातून फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदीचा पट्टा आहे, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस नंतर भाड्याच्या कंपनीमार्फत मागे येते. तुम्ही बसनं क्यांतीतल्या ग्रेवे गावाला जा, साधारण तासाभराचा रस्ता. गावचा चौक छान आहे, आईंना बसायला जागा आहे, खाणं मिळतं, आणि चालत जाण्याजोग्या अंतरावर एनोतेका आहेत. रविवारी बस फार कमी, तो दिवस टाळा. चौघं आहात तर अर्ध्या दिवसाची ड्रायव्हरसकट गाडीही परवडू शकते.

थेट वाइनरीत जायचं असेल तर आधी ईमेलनं वेळ ठरवणं अत्यावश्यक. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथे द्राक्षतोडणी चालू असू शकते, न कळवता आलेल्याकडे बघायला कोणी मोकळं नसतं. ईमेलमध्ये लिहा: चौघं, त्यातले चाखणारे दोघंच, दोघी शाकाहारी, एकीला चीज आणि अंडं चालत नाही. चाखणीचे पैसे पिणाऱ्यांचेच घ्या असं विचारलं तर बरेच जण मान्य करतात. चाखणी साधारण २० ते ४० युरो माणशी, बरोबर चीज आणि मांसाचे काप येतात. ब्रेड आणि ऑलिव्ह तेल मागून घ्या. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरणं तिथे असभ्य मानत नाहीत.

क्रम नेहमी साध्या वाइनकडून जुन्याकडे: आधी 'आन्नाता', मग 'रिझेर्वा', मग 'ग्रान सेलेत्सियोने'. क्लासिकोच्या नियमानं त्या अनुक्रमे किमान १२, २४ आणि ३० महिने मुरवलेल्या असतात. उलट क्रमानं प्यायलात तर पहिली पाणचट वाटेल आणि तिच्यावर अन्याय होईल.

रानडे_रोड
व्हेनिसमधल्या बिलाचं कारण बहुतेक वेळा एकच: मासा वजनावर विकला जातो. मेन्यूवर दराच्या बाजूला बारीक अक्षरात 'एत्तो' (etto) किंवा 'hg' छापलेलं असतं, म्हणजे तो दर १०० ग्रॅमचा. ७ युरो वाचून मागवलेला मासा ६०० ग्रॅम भरला की ४२ युरो. ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी मासा टेबलाशी आणून दाखवतात, त्याच वेळी 'क्वान्तो पेझा?' विचारा आणि गुणाकार करून हो म्हणा. फ्लॉरेन्सच्या बिस्तेक्का या जाड बीफ स्टेकलाही हाच नियम, तो तर किलोच्या आसपासच कापतात, दोघांना एक पुरतो.

त्यापेक्षा बाकारोत जा. हे उभ्यानं खायचे छोटे वाइन-बार. काचेआड चिकेत्ती मांडलेली असतात: पावावर किंवा पोलेन्तावर एकेक घास, दीड ते तीन युरोंना एक. बाकाला मांतेकातो, म्हणजे सुकवलेला कॉड भिजवून, उकडून, तेल घालत घालत लोण्यासारखा घोटलेला. सार्दे इन साओर, म्हणजे तळलेल्या सार्डिन, वर व्हिनेगरमध्ये परतलेला भरपूर कांदा, बेदाणे आणि पाइन नट्स. हा पदार्थ एक-दोन दिवस मुरलेलाच चांगला. तारली आवडणाऱ्या माणसाला हा चुकवून चालणार नाही. बरोबर 'ओंब्रा', म्हणजे सुट्या वाइनचा छोटा ग्लास. संध्याकाळी साडेसहाला सुरुवात करून दोन-तीन बाकारो केलेत तर दोघांचं जेवण होतं. आई आणि सासूबाईंसाठी भाजलेल्या भाज्यांचे काही प्रकार मिळतात, पण त्यांचं मुख्य जेवण पिझ्झेरियात धरा.

रियाल्तोचा मासळीबाजार रविवार-सोमवार बंद असतो. ताज्या माशांचं जेवण मंगळवार ते शनिवारात बसवा. रिसोत्तो बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात आणि ताजा असेल तर वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत आला तर तो आधी अर्धवट शिजवून ठेवलेला असणार.

बोलोन्यातल्या एका रात्रीसाठी: 'ओस्तेरिया देल सोले' १४६५ पासूनची आहे, तिथे फक्त पेयं विकतात आणि खाणं आपण बाहेरून न्यायचं. शेजारच्या क्वाद्रिलातेरो बाजारातून पाव, ऑलिव्ह, भाजलेल्या भाज्या घ्या, तुमच्यासाठी मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. चौघांच्या चार तऱ्हा एका टेबलावर बसवायला याहून सोपी जागा नाही. फक्त ती लवकर बंद होते, संध्याकाळीच जा.

चर्चगेट_फास्ट
बाटल्या आणण्याबद्दल. भारतात येताना माणशी दोन लिटर दारू किंवा वाइन शुल्काशिवाय आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी ७५० ची घेतलीत की सव्वादोन होतात आणि रेड चॅनलला जाऊन वरच्या भागावर जबर शुल्क भरावं लागतं. म्हणून दोन मोठ्या आणि एक ५०० मिलीची, असं बरोबर दोन लिटर जमवा. तोस्कानाची गोड 'वीन सांतो' अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते. मुंबई विमानतळावर उतरल्यावर ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेली बाटलीही याच दोन लिटरमध्ये धरतात, हे लोक विसरतात. ही सवलत ज्याची त्याची असते, एकाची दुसऱ्याच्या नावावर जोडता येत नाही.

द्राक्षवेल यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद. तिथे पिताना महाग नको हे मान्य, पण घरी आणायची जागा मोजकी असते, तर ती स्वस्त बाटलीनं का भरावी? प्रोसेको आणि साधी क्यांती मुंबईत मिळते. आणायची तर ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चीनो आणा. ती पूर्ण सांजोवेझेची असते आणि तोडणीनंतर पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी बाजारात येत नाही.

सामानात: बाटली आधी झिपच्या जाड पिशवीत, मग मोज्यात किंवा टीशर्टमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे. दोन बाटल्या एकमेकींना आणि बॅगेच्या कडेला टेकता कामा नयेत, फुटतात त्या तिथेच. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, चेक-इनच्या वजनात ते धरा. हँडबॅगेत नेऊ नका. व्हेनिसच्या ड्यूटी फ्रीतून घेतलीत तर सीलबंद पिशवी आणि पावती मुंबईपर्यंत उघडू नका. आखातात पुन्हा तपासणी होते आणि सील तुटलेलं असेल तर बाटली तिथेच राहते.

एका दुकानात एका पावतीवर ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी झाली तर कर परत मिळतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून ही मर्यादा १५४.९४ वरून खाली आणली आहे. खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवून टॅक्स-फ्रीचा फॉर्म घ्या आणि विमानतळावर बॅग चेक-इनला देण्याआधी त्यावर कस्टमची नोंद करून घ्या. वाइनवर २२ टक्के कर असतो, पण कमिशन जाऊन हातात त्याहून बरंच कमी पडतं.

द्राक्षवेल
ब्रुनेल्लोचं मान्य, पण ती आणून मुंबईत कपाटावर उभी ठेवणार असाल तर आणू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात ३३-३४ अंशांत जड लाल वाइन काही आठवड्यांतच उतरते, मुरंब्यासारखा वास येतो. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. प्रवासानंतर दोन आठवडे हात लावू नका. प्यायच्या दिवशी पाऊण तास आधी बाहेर काढा, म्हणजे १६-१८ अंशांवर येते, आणि ब्रुनेल्लो असेल तर त्याच वेळी उघडून जगमध्ये ओतून ठेवा. उरली तर बूच लावून परत फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस चांगली राहते.